बीड जिल्ह्यातले गोंदण : कुणाच्या हाताने, कुणाच्या मर्जीने

बीड जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते. कोणी बालाघाटाच्या डोंगरांचे, कोणी परळीच्या वैजनाथाचे आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे नाव घेतो. पण या जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईचा इतिहास वाचायचा असेल तर तो कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. तो तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि मनगटावर हिरव्या ठिपक्यांनी लिहिलेला आहे.

वर्षावासात गावोगावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या तीन महिन्यांत आम्ही चार-पाच कार्यकर्ते रविवारी एसटीने निघतो. कधी बीडहून माजलगाव आणि परळी, कधी अंबाजोगाई आणि केज, कधी घाट चढून धारूर. वाचन संपले, सरणत्तय झाले, की विहाराच्या ओट्यावर चहा होतो. तरुण मंडळी आपापल्या कामाला जातात, म्हाताऱ्या बाया मात्र बसून राहतात. यंदा आम्ही ठरवून त्यांच्याकडे गोंदणाचा विषय काढला. एरवी प्रश्न विचारला की पदराआड हसणाऱ्या या माउल्या त्या दिवशी भरभरून बोलल्या.

कपाळावर भुवयांच्या मधोमध ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, मनगटाच्या वर तुळस, हातावर विंचू, कुणाच्या हातावर भावाचे नाव, कुणाच्या नवऱ्याचे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही असा दंडक, म्हणून ते हातावर. आणि ज्या बाईच्या हातावर ते कोरले तिला अक्षरओळख नाही. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर एका आजीच्या हातावर नवऱ्याच्या नावाची वेलांटी चुकलेली आम्ही पाहिली. लिहिणारीही निरक्षर, लिहून घेणारीही निरक्षर. पन्नास-साठ वर्षे ती चूक तशीच राहिली, कारण दोघींपैकी कुणालाच शाळेची पायरी चढू दिली नव्हती.

गोंदणाऱ्या बाया वैदू, कैकाडी अशा भटक्या समाजांतल्या. त्या पालावरून यायच्या, यात्रेत बसायच्या. दिव्याची काजळी पाण्यात किंवा पाल्याच्या रसात खलायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचे. वरून हळद लावायची. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे, भाकरी, जुने लुगडे. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. सुई त्याच्या खालच्या थरात काजळी नेऊन ठेवते, म्हणून गोंदण जन्मभर टिकते. काजळी काळी असली तरी कातडीआडून ती हिरवी-निळी दिसते.

"एवढे दुखत असताना गोंदवून का घेतले?" असे आम्ही विचारले. एक आजी म्हणाली, "मला कोण इचारलं, दादा? सात-आठ वर्षांची होते. चौघींनी हातपाय दाबून धरले. अन् गोंदल्याबिगर सासरी हातचं पाणी चालत नव्हतं." दुसरी म्हणाली, "सोनं सावकार नेतो. मेल्यावर डोरलंबी काढून घेतात. गोंदण कोणी नेत नाही, ते संगं येतं."

मेल्यावर काही सोबत येते हे आपला धम्म मानत नाही. पण त्या बोलण्यातले पहिले वाक्य खोटे नाही. ज्या घरातला प्रत्येक दागिना सावकाराच्या पेटीत गेला, त्या घरातल्या बाईचा गहाण न पडणारा दागिना एवढाच होता.

आता यातली दुसरी बाजू पाहा. अनेक आजींच्या हातावर 'राम' आहे. त्या काळी ज्या देवाचे नाव हातावर, त्याच देवाच्या देवळाचे दार बंद. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला आणि तो पुढे पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. तिकडे छत्तीसगडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अस्पृश्य मानलेल्या लोकांतून रामनामी पंथ निघाला. देवळात घेत नाहीत म्हणून त्या लोकांनी अंगभर, अगदी चेहऱ्यावरही रामनाम गोंदवून घेतले. त्यांचे ते बंडच होते. बाबासाहेबांनी आपल्याला वेगळा मार्ग दाखवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी ते दारच मागे सोडले आणि २२ प्रतिज्ञा दिल्या.

दीक्षेनंतर गावोगावच्या आपल्या लोकांनी देव्हाऱ्यातले देव उचलून नदीत सोडले. गोंदण मात्र सोडता येईना. आजही काही म्हाताऱ्या वंदनेला हात जोडताना मनगटावर पदर ओढून घेतात. "हातावर राम ठेवून बुद्धवंदना कसली?" असे एखादा उत्साही तरुण बोलून जातो, ते त्यांच्या मनाला लागलेले असते.

अशा तरुणांना आमचे सांगणे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगड्याची नेसण आणि तसले दागिने टाकून द्यायला सांगितले. जे टाकता येते ते आपल्या आया-आज्यांनी टाकले, तेही गावाचा रोष पत्करून. जे कातडीखाली गेले ते त्या कसे टाकणार? सात वर्षांच्या पोरीचे हातपाय दाबून जे टोचले, त्याचा जाब तिला विचारायचा नसतो. ज्या हातावर राम आहे त्याच हातांनी तिने पोरांच्या पाटी-पेन्सिलीचे पैसे जमवले, विहाराच्या भिंतीसाठी विटा वाहिल्या. तिने पदर ओढण्याची काहीच गरज नाही.

म्हणूनच गोंदण चांगले की वाईट हे नक्षीवरून ठरवू नये. ते कुणाच्या मर्जीने झाले हे आधी विचारावे. इंग्रजी अमलात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवत असत. ती प्रथा १८४९ साली बंद झाली. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्या कैकाडी समाजाच्या बाया इतरांच्या हातावर तुळस काढत, त्या समाजालाच इंग्रजी मुलखात जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले. तो कायदा १९५२ साली गेला. पण सवय गेली नाही. १९९३ साली पंजाबात अमृतसरला चार स्त्रियांच्या कपाळावर पोलिसांनी 'जेबकतरी', म्हणजे पाकीटमार, अशी अक्षरे गोंदवली. त्या स्त्रियाही अशाच एका विमुक्त समाजातल्या. त्या पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. वाईट गोंदण म्हणतात ते हे.

आणि आपल्या पोरांच्या हातावर आज काय दिसते? माजलगाव असो की परळी, 'जय भीम', अशोकचक्र, बोधिवृक्षाचे पान, बाबासाहेबांची सही, कुणाच्या छातीवर बाबासाहेबांचा चेहरा. कोणी दीक्षाभूमीवर गोंदवून आलेला असतो, कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर. ही हौस आहे म्हणून सोडून देता येत नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून मराठवाड्यात १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत घरे जळाली, माणसे मारली गेली. शेजारच्या जिल्ह्यात शिर्डीला २०१५ साली मोबाइलवर वाजणाऱ्या भीमगीतावरून एका तरुणाचा खून झाला. अशा मुलखात पूर्ण बाह्यांचा सदरा न घालता 'जय भीम' दाखवत बाजारात फिरणे याला छाती लागते. आजीच्या हातावर दुसऱ्यांनी लिहिले, नातवाने स्वतः निवडून लिहिले. मधल्या काळात आपण किती चाललो ते या दोन हातांवरून कळते.

पण स्वतः निवडायचे तर समजून निवडावे. म्हणून घरातल्या मुलामुलींना चार गोष्टी सांगून ठेवा.

पहिली गोष्ट सुईची. यात्रेत एकच सुई दहा जणांना टोचली जाते. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरू शकतो. पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे, शाईही नव्या टोपणात ओतून घ्यावी. ओला घाव भरायला दोन-तीन आठवडे लागतात. विजयादशमीला दीक्षाभूमीवर गोंदवून लगेच उचल घेतलेल्या टोळीबरोबर फडावर जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पाचटाच्या काचणीत आणि धुळीत तो घाव चिघळतो.

दुसरी गोष्ट जागेची. आपली मुले पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात ती भरतीसाठी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंजामागे, आणि त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा लहान असावे लागते. उजवा हात सलामीचा. सैन्याचेही जागेचे नियम आहेत. मान, दंड, छाती यांवर गोंदवण्याआधी जाहिरातीतला नियम वाचावा. दोन वर्षांची मेहनत वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर वाया जाऊ नये. आणि बुद्धाची प्रतिमा पायावर, मांडीवर कधीही काढू नये. श्रीलंकेत २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदलेल्या एका ब्रिटिश स्त्रीला अटक करून परत पाठवले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे तिला भरपाई दिली, पण श्रद्धावान देशांत लोकांच्या भावना किती तीव्र आहेत ते त्यावरून दिसले.

तिसरी गोष्ट अक्षरांची. कित्येक हातांवर आम्ही 'बुध्द' असे लिहिलेले पाहतो. 'बुद्ध' या शब्दात द आधी आणि त्याला ध जोडलेला असतो. गोंदणाऱ्याला कागदावर लिहून द्या आणि तो कागद गुरुजींना दाखवून घ्या. आजीच्या हातावरची वेलांटी चुकली, कारण तिला शाळा नव्हती. तुम्हाला ती सबब नाही.

चौथी गोष्ट रक्ताची. गोंदवल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. म्हणजे जो १४ एप्रिलला बाबासाहेबांचे नाव गोंदवतो, त्याला महापरिनिर्वाणदिनाच्या शिबिरातून परत पाठवतात. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात बाळंतीण अडते तेव्हा नातेवाईक रक्तासाठी कसे धावतात हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. तेव्हा मंडळातल्या सगळ्यांनी एकाच वर्षी गोंदवू नये. निम्म्यांनी थांबावे. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर आई-बापांनी थांबवावेच.

जयंतीच्या मंडळांनी या चार गोष्टी एका फळ्यावर लिहून गोंदणाऱ्याच्या दुकानाशेजारी लावाव्यात. खर्च काही नाही. आणि ज्यांच्या घरी गोंदलेल्या हातांची आजी अजून आहे, त्यांनी येत्या पौर्णिमेला तिच्याजवळ बसून कोणती खूण कधी, कुणी, कशासाठी काढली ते वहीत लिहून घ्यावे. पाच-दहा वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

जय भीम.