तिसरा रकाना

माझ्या कामातली निम्मी अक्कल मला पनवेल-ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात मिळाली. देणाऱ्या मॅडम माझ्या ऑफिसातल्या नव्हत्या, नात्यातल्याही नव्हत्या. दुसऱ्या कंपनीत डेटाचंच काम करायच्या आणि माझ्यासारख्याच नवीन पनवेलला राहायच्या. गाडी पनवेलहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळायची आणि घणसोलीपर्यंत निवांत बोलता यायचं.

तेव्हा मी होते ती कंपनी न्हावाशेवा बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरचा माग ठेवायची. या बंदरातल्या कंटेनरांना 2016 पासून आरएफआयडी टॅग लागू लागले आणि लॉजिस्टिक्स डेटा बँकेत त्यांचा प्रवास नोंदला जाऊ लागला. आमचं काम त्यापुढे लहान, ट्रेलरवरच्या जीपीएसपुरतं. जीपीएसच्या नोंदी रात्रंदिवस अपाचे फ्लिंक या वाहत्या डेटावर काम करणाऱ्या प्रणालीतून वाहत असायच्या. प्रत्येक फेरीचं शेवटचं ठिकाण, कापलेलं अंतर, कुठे किती थांबा, हे सगळं फ्लिंकला लक्षात ठेवावं लागे. या लक्षात ठेवण्यालाच स्टेट म्हणतात. ते काही केल्या आटोक्यात येईना. चेकपॉइंट, म्हणजे स्टेटची ठरावीक वेळाने काढलेली प्रत, आधी चटकन व्हायचा. मग रेंगाळायला लागला, मग टाइमआउट. यावर ऑफिसात दोनच उपाय माहीत होते: रीस्टार्ट करा, नाहीतर रॅम वाढवा.

मी गाडीत कुरकुरले, तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, “रीस्टार्ट केल्यावर कमी होतं का गं?”

“नाही ना. उठलं की पुन्हा तेवढंच.”

“मग ही गळती नाही, साठा आहे.”

गळती असती तर प्रोसेस मेल्याबरोबर तीही गेली असती. फ्लिंक मात्र उठताना चेकपॉइंटमधून सगळं स्टेट जसंच्या तसं परत उचलतो. आम्ही हीप डम्प, म्हणजे मेमरीची उतरवून घेतलेली प्रत, उघडून गळती शोधत बसलो होतो, आणि मेमरी तर आमच्याच कोडने सांगून साठवलेली होती.

मॅडमनी पर्समधून वाण्याचं बिल काढलं आणि पाठीमागे तीन रकाने आखले: काय ठेवतो, कशासाठी ठेवतो, जातं कधी. खारघर येईपर्यंत पहिले दोन भरले. तिसरा नेरूळ गेलं तरी कोराच.

पुढे त्या बिलावरच काम उरकत गेलं. अंतर काढायला आम्ही फेरीतला जीपीएसचा प्रत्येक बिंदू यादीत ठेवत होतो. मॅडमनी ती ओळच खोडली: शेवटचा बिंदू आणि आतापर्यंतची बेरीज, एवढं पुरे. फेरी संपल्याची नोंद आली की त्या फेरीचं स्टेट तिथल्या तिथे पुसायचं. जिची नोंद कधी येतच नाही, तिला मुदत, म्हणजे टीटीएल. ही सोय फ्लिंकच्या 1.6 आवृत्तीत, 2018 साली आली. पण मॅडम म्हणाल्या, मुदत संपली म्हणून जागा रिकामी झाली असं समजू नकोस. सुरुवातीला मुदत संपलेली नोंद कोणी वाचायला गेलं तरच पुसली जायची, आणि ज्या फेरीकडे पुन्हा कोणी फिरकतच नाही तिची नोंद कोण वाचणार? स्टेट ठेवायला आम्ही रॉक्सडीबी वापरत होतो. तिथे कॉम्पॅक्शनच्या, म्हणजे साठवलेल्या फायली एकत्र करायच्या, वेळी अशा नोंदी गाळायची सोय 1.8 मध्ये आली, तीही आपण होऊन चालू करावी लागे. शिवाय मुदतीशिवाय लिहिलेलं जुनं स्टेट मुदत लावलेल्या कोडला उचलता येईना. मॅडमच्या सांगण्यावरून नव्या नावाचं स्टेट सुरू केलं आणि चालू फेऱ्यांच्या नोंदी, काफ्का या नोंदी साठवणाऱ्या रांगेतून, पुन्हा वाचून घेतल्या.

एवढं करून प्रश्न उरला, मुदत किती? मी कागद पुढे केला, तर मॅडमनी परत दिला. “हे मला काय विचारतेस? कळंबोलीला जाऊन ट्रान्सपोर्टवाल्यांना विचार.”

गेले. तिथल्या क्लार्कने एका चहात सगळं सांगितलं. घाटात रेंज जाते, तेव्हा डेटा उशिरा येणारच. ड्रायव्हर गावी गेला की गाडी दिवसच्या दिवस उभी. आणि माल उतरला म्हणजे फेरी संपली, हे आमचं गृहीतच मुळात खोटं. “मॅडम, रिकामा डबा यार्डात जमा होईपर्यंत आमची सुटका नाही. शिपिंग लाइनचे फुकट दिवस संपले की डिटेन्शन चढतं.” मग तोच डबा, म्हणजे कंटेनर, नवा माल घेऊन पुन्हा रस्त्यावर येतो. चार अक्षरं, सात आकडे, नंबर तोच. आमची चावी, म्हणजे ज्या नावाखाली स्टेट साठवायचं ते, हा नंबरच. जुनं पुसलं नाही तर नव्या फेरीचं अंतर जुन्या बेरजेपासून सुरू होणार. प्रश्न नुसत्या रॅमचा नव्हता, हिशेब खोटा पडत होता. चावीत फेरीचा क्रमांक घातला, रिकामा डबा जमा केल्याची पावती हीच शेवटची नोंद धरली, आणि चेकपॉइंटचा आलेख हळूहळू सपाट झाला.

फ्लिंकची कागदपत्रं मी कधीतरी वाचलीच असती. पण किती काळ लक्षात ठेवायचं हे मशीनला नाही, धंद्यातल्या माणसाला विचारायचं असतं, हे मला मॅडमनी शिकवलं. त्यात त्यांचा काडीचा फायदा नव्हता. आभार मानले तर म्हणायच्या, “अगं, गाडीत वेळच असतो.”

आता त्या पुण्याला असतात. परवा टीममधल्या एका नव्या मुलीने तीन रकान्यांचा तक्ता आणला. तिसऱ्यात लिहिलं होतं, तीस दिवस. कुठून आणलेस, विचारलं. तर बिलाची तक्रार तेवढ्या दिवसांत करता येते, म्हणाली, बिलिंगमध्ये विचारून आले. मॅडमना फोनवर हे सांगितलं. त्या हरखल्या आणि लगेच म्हणाल्या, “आणि टायमर? तेही स्टेटमध्येच साठतात. ते कधी जातात?”

मी त्या मुलीला मॅडमचा नंबर देऊन टाकला. पुढचं आता त्या दोघी बघतील.