नळीची लांबी, इंजिनाची ओढ

कासा, ता. डहाणू

5 फेब्रुवारी
आज आरएक्स 100 मोटरसायकलचा सायलेन्सर उतरवला. नवा बनवायचा तर सुरुवात पत्र्यापासून नव्हे, एग्झॉस्ट पोर्टपासून होते. क्रँकवर अंशांची तबकडी लावून पोर्ट कधी उघडतो, कधी मिटतो ते वहीत उतरवले. या टू-स्ट्रोकला एग्झॉस्ट वॉल्व्ह नसतो. त्याचे बरेचसे काम नळीच करते. पोर्ट उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. पसरत्या कोनात, म्हणजे शंकूच्या आकाराच्या भागात, शिरली की उलटी ओढ तयार होते, सिलिंडर रिकामा होतो आणि ताजे मिश्रण आत येते. त्यातले थोडे नळीतही निसटते. पुढच्या निमुळत्या कोनावरून लाट माघारी येते आणि पोर्ट मिटण्यापूर्वी ते निसटलेले मिश्रण आत ढकलते.

6 फेब्रुवारी
पोर्ट 180 अंश उघडा आणि लाटेचा वेग सेकंदाला 518 मीटर धरला, तर मिनिटाला 7,500 फेऱ्यांसाठी पिस्टनपासून निमुळत्या कोनाच्या मध्यापर्यंत 1,036 मिमी लांबी येते. 9,000 फेऱ्यांसाठी तीच 863. नळी आखूड केली की ताकद वरच्या फेऱ्यांत सरकते, खालची ओढ जाते. जव्हारचा चढ डबलसीट चढायचा, म्हणून लांब नळीच ठरवली.

11 फेब्रुवारी
आधी पुठ्ठ्यावर कोन कापले, मग पत्र्यावर. गॅस वेल्डिंगचा सांधा आतून गुळगुळीत हवा. लाटांवर नळी जुळवण्याची ही विद्या पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी फळाला आणली. 1961 मध्ये त्यांचे 125 सीसी इंजिन 25 अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून गेला, विद्या सुझुकीकडे पोचली आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचे जगज्जेतेपद मिळवले.

18 फेब्रुवारी
पहाटे मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन बंद केले आणि प्लग काढला. पांढरट! म्हणजे पेट्रोल कमी पडतेय. असेच चालवले तर पिस्टन तापून जाम होईल. कार्ब्युरेटरला मोठा जेट बसवला, प्लग तपकिरी आला. शेवटची बारीक नळीही महत्त्वाची. ती फार अरुंद झाली तर उष्णता आत कोंडते.

20 फेब्रुवारी
त्या बारीक नळीपुढे काचेच्या लोकरीचा डबा बसवला. लाटांचे काम त्याआधीच संपते, म्हणून ताकद फारशी घटत नाही, आवाज मात्र उतरतो. रस्त्यावर उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या रुग्णांना आपला छंद ऐकू जाता कामा नये. कायद्यातही गोंगाटाला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

1996 मध्ये आरएक्स 100 बंद झाली, त्याच वर्षी टू-स्ट्रोक मोटरसायकली बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही. उरलेली इंजिने तेवढीच. म्हणून कासा-चारोटीच्या पोरांना सांगणे एवढेच: आवाजासाठी सायलेन्सरमधला बफल काढू नका. आधी पोर्ट मोजा, मग पत्रा कापा आणि प्लग बघितल्याशिवाय गाडी पळवू नका.