कळंबचे मुसम्मन

यवतमाळ जिल्ह्यात मी गेलो तो कापसाच्या वेचणीच्या दिवसांत. वणी, पांढरकवडा, टिपेश्वरचे अरण्य, घाटंजीचा बाजार ही सारी स्थळे मी यथासांग पाहिली. परंतु त्यांविषयी लिहावयास बसले की लेखणी कळंबमधल्या एका देशमुखी वाड्याच्या परसात जाऊन हटून उभी राहते, आणि कोंबडीच्या पोटातले बटेर व बटेराच्या पोटातले अंडे यांखेरीज तिला काही सुचत नाही.

पक्ष्यात पक्षी भरून भाजण्याच्या या खटाटोपाविषयी माझे मत कधीच अनुकूल नव्हते. १८०७ साली ग्रिमो द ला रेनिएर नामक फ्रेंच खवय्याने एकात एक असे १७ पक्षी कोंबण्याची कृती छापली; सर्वांत बाहेर माळढोकाच्या कुळातला एक अगडबंब पक्षी, त्याच्या आत टर्की, आणि असे उतरत उतरत अखेरच्या चिमण्या पाखराच्या पोटात एक ऑलिव्हचे फळ. अमेरिकेत लुइझियानाकडे सणासुदीला टर्कीत बदक आणि बदकात कोंबडी भरतात. या साऱ्यात मला पाकशास्त्रापेक्षा जमाबंदीच अधिक दिसते.

मग मी कळंबला गेलो कशासाठी? अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील ‘मुसम्मन’ नावाच्या पदार्थाची नोंद आहे: मानेच्या वाटेने कोंबडीची सारी हाडे काढून घ्यावीत, कोंबडी मात्र अखंड राहावी, आणि तीस अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, कांदा, धणे, आले, मिरी व केशर लागावे. त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याची मोजदाद करताना कळंब हे एका सरकारचे, म्हणजे सुभ्याच्या पोटविभागाचे, ठिकाण म्हणून नमूद आहे. ज्या दप्तरात कोंबडीची हाडे मोजली त्याच दप्तरात या गावचा महसूल मोजला, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जाईना. आणि आपल्या घरी एक वृद्ध बावर्ची अजून असली कोंबडी करतो, असे देशमुखांनी कळविल्यावर मी तत्काळ प्रस्थान ठेवले.

पोहोचलो त्या दिवशी संकष्टी चतुर्थी निघाली. चिंतामणी गणपतीच्या गावात त्या दिवशी देशमुखांच्या चुलीवर मांस चढणे अशक्य. सबब पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात देवाचे दर्शन घेतले, गौतमाच्या शापातून इंद्र येथेच मुक्त झाल्याची कथा पुजाऱ्याच्या तोंडून ऐकली, आणि चंद्रोदयापर्यंत साबुदाण्यावर कंठलेल्या त्या दिवसाचा राग मनात धरूनच निजलो.

दुसऱ्या दिवशी ते वृद्ध बावर्ची, म्हणजे चाचा, आले. सत्तरी ओलांडलेले, कृश, आणि पाहुण्याविषयी पूर्ण बेफिकीर. एक लहानशी सुरी, सुई आणि पांढरा दोरा एवढाच त्यांचा सरंजाम. मानेच्या कातडीखाली बोटे सरकवून ते आतल्या आत मांस हाडापासून सोडवीत चालले, आणि पाठीच्या कण्याशी, जेथे कातडे मांसावाचून थेट हाडाला चिकटलेले असते, तेथे पोहोचताच त्यांनी बोलणे बंद केले. देशमुखांनी दोनदा डोकावून विचारले, “चाचा, पाहुण्याले भूक लागली, किती येळ?” चाचांनी मान वर केली नाही. “कातडं फाटलं का खेळ खतम, भाऊ. घाई असंन तं बजारातली तर्री खाऊ घाला त्याईले.”

रानातल्या तितराची गोष्ट मी काढून पाहिली. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झालेली, म्हणून बटेर पाळीव होते. ते त्यांनी आधीच यखनीत शिजवून घेतले, कारण बाहेरची कोंबडी होईपर्यंत आच आतल्या पाखरापर्यंत पोहोचत नाही, आणि तोवर थांबावे तर बाहेरचे मांस सुकून जाते. मग बटेरात उकडलेले अंडे, सभोवती खसखस-चारोळी घातलेला खिमा, वरून हाडांविना लुळी पडलेली कोंबडी. टाके घातले, गंजाचे झाकण कणकेने लिंपले, आणि खाली-वर निखारे ठेवून चाचा विडी ओढीत बसले.

पान वाढले तेव्हा दिवस कलला होता. सुरी आडवी फिरली आणि कोंबडी, खिमा, बटेर, अंडे असे चारही थर एका फोडीत उघडे पडले. बाहेरची कोंबडी उत्तम होती. खिमा, ज्यात दोन्ही पक्ष्यांचा रस मुरला होता, तो अप्रतिम होता. त्याच्यासाठी मी तिसऱ्यांदा पान पुढे केले. बटेर मात्र यखनीत आपला सारा गुण सोडून बसले होते आणि केवळ अंड्याचे वेष्टन म्हणून उरले होते. चाचांना हे सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बटेर लोकायले दाखवाले असते.”

फ्रेंच महाशयांच्या १७ पक्ष्यांपैकी १५ तरी याच खात्यात जमा करावेत, असे माझे ठाम मत आहे. वाचकांपैकी कोणी कळंबला जाणार असेल तर बिनबटेराची कोंबडी मागावी, खिमा दुप्पट घालावयास सांगावा, आणि निघण्यापूर्वी पंचांग अवश्य पाहावे.