पांगुळगाडा आणि पहिले पाऊल

व्यापारी घराला तारखेचे भान उपजतच असते. हुंडीची मुदत कधी भरते, माल कोणत्या दिवशी उतरायचा, उधारी केव्हा वसूल व्हायची, हे सारे वहीत नोंदलेले असते. हाच हिशेब नकळत तान्ह्या बाळालाही लावला जातो. सहाव्या महिन्यात बसलेच पाहिजे, आठव्यात रांगलेच पाहिजे, वाढदिवसाला चाललेच पाहिजे! बाळाच्या वाढीला मात्र अशी एकच तारीख नसते. तिला एक कालावधी असतो आणि तो पुष्कळ ऐसपैस असतो.

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मधोमध जिते हे स्थानक आहे. पेण तालुक्यातील या गावात पुढे किराणा दुकान आणि मागे बिऱ्हाड अशी घरे अजूनही आढळतात. अशाच एका घरातला नातू दहा महिन्यांचा झाला, तरी रांगेना. बसल्या बसल्या एका हाताचा टेकू देत तो फरशीवरून सरकत असे. शेजारचे त्याच्याच वयाचे बाळ भिंत धरून चालू लागले होते. आजी काळजीत पडली. आजोबांनी पनवेलच्या बाजारातून चाकांचा वॉकर आणला. सुनेला तो पटत नव्हता. पण वडीलधाऱ्यांपुढे बोलणार कोण? अखेरीस बाळाला पेणच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यात आले. त्यांनी त्याला बसवून, आधाराने उभे करून, दोन्ही हातांत खेळणी देऊन पाहिले आणि म्हणाले, "शेठ, नातवाचे पाय ठणठणीत आहेत. त्याला गाडी नको, जमीन द्या."

या सल्ल्यामागे मोठा अभ्यास उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातील पाहणी दिल्लीत झाली होती. आधाराविना बसणे सुमारे 4 ते 9 महिन्यांत, हातागुडघ्यांवर रांगणे 5 ते साडेतेरा महिन्यांत आणि एकट्याने चालणे 8 ते साडेसतरा महिन्यांत केव्हाही साधू शकते, असे त्यात आढळले. सुमारे 4 टक्के बाळे तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. त्याआधी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासाची मोजपट्टी तयार केली होती. तिच्या सुधारित आवृत्तीत हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 कसोट्या आहेत.

हालचालींचा क्रम मात्र बहुधा ठरलेला असतो. ताबा आधी मानेवर येतो, मग पाठीवर, मग कमरेवर आणि शेवटी पायांवर. हाताचेही तसेच. आधी सगळा पंजा वस्तूवर पडतो आणि वर्ष संपत येता अंगठा व तर्जनी यांची चिमूट जमते. खेळणी निवडावीत ती या क्रमाने.

पहिल्या तीन महिन्यांत पाळण्यावरचे रंगीत चिमणाळे आणि आईचा चेहरा पुरेसा असतो. बाळाला झोपवावे पाठीवरच. जागे असताना मात्र नजरेसमोर थोडा वेळ पालथे ठेवावे, म्हणजे मान बळकट होते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हलका खुळखुळा आणि कापडी चेंडू द्यावा. बाळ हातांवर उठू लागले की टांगलेले चिमणाळे काढून ठेवावे. पुढे बसता येऊ लागल्यावर वाटी, लाकडी चमचा, एकात एक बसणारे डबे आणि रुमालाखाली लपवलेला चेंडू यांत बाळ तासन्‌तास रमते. नवव्या महिन्यानंतर डब्यात वस्तू टाकणे व काढणे हा त्याचा आवडता उद्योग असतो. स्वतः उभे राहू लागलेल्या बाळाला घरच्यांच्या देखरेखीखाली पांगुळगाडा द्यायला हरकत नाही.

पांगुळगाडा आणि वॉकर यांत फरक आहे. पांगुळगाडा ढकलताना बाळ स्वतःच्या पायांवर उभे असते. वॉकरमध्ये ते लोंबकळते आणि चवड्यांनी जमीन रेटते; त्यामुळे चालणे लवकर येत नाहीच, उलट पायऱ्या, चूल आणि गरम भांडी यांपर्यंत ते क्षणात पोहोचते. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

खेळण्यांचा व्यापार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी देखणी असतात; तरीही रंग निघतो का, टोक बोचते का, तुकडा सुटतो का, हे पाहूनच ती तान्ह्याच्या हाती द्यावीत.

जित्याच्या त्या घरातील खरा धोका पायांत नव्हता, फरशीवर होता. चिमूट जमू लागलेल्या नातवाने दुकानातून घरंगळत आलेला शेंगदाणा उचलून तोंडाशी नेला, तेव्हा तो सुनेच्या नजरेस पडला. तिने तो हळूच काढून घेतला. शेंगदाणा, चणा, सुपारी, नाणे, बटणासारखी बॅटरी, यांतली कोणतीही वस्तू बाळाच्या जिवावर बेतू शकते. त्या दिवसापासून दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात लाकडी आडफळी लागली आणि वॉकर माळ्यावर गेला. नातू चौदाव्या महिन्यात चालला.

धीर धरणे म्हणजे डोळेझाक करणे नव्हे. चौथ्या महिन्यानंतरही मान सावरत नसेल, नऊ महिने उलटूनही बसता येत नसेल, बाळ एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, अंग फार ताठ वा फार सैल वाटत असेल, किंवा आलेली हालचाल नाहीशी झाली असेल, तर 'आमच्या घरात मुले उशिराच चालतात' असे म्हणून थांबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. आशासेविका 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यांत घरी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नये, माता व बाल संरक्षण कार्ड पुढे करून विचारावे.

हमरापूरच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती सावलीत वाळू देतात. उन्हात घाई केली तर तडा जातो. कारागीर मात्र रोज तिच्यावर हात फिरवून पाहतो. दुकानाची फळी लावल्यावर आजोबांनी अर्धा तास चटईवर बसून चेंडू घरंगळवावा. त्याहून मोलाचे खेळणे कोणत्याही बाजारात मिळत नाही.