एक रजा, दहा दिवस

डिसेंबर उजाडला की आमच्या हापिसात कोडपेक्षा कॅलेंडर जास्त उघडी दिसतात. मी पानग्योला असतो, सोलच्या जरा दक्षिणेला. सगळा सॉफ्टवेअरवाल्यांचा मुलूख. पुढच्या वर्षी कुठली सुट्टी कुठल्या वारी पडतेय, मधले उघडे दिवस कुठले, कोणत्या गुरुवारला कोणता शुक्रवार चिकटवता येईल... जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो.

हिशोब साधा आहे. कायद्याने वर्षाला १५ हक्काच्या रजा, त्यांना इकडे 'योनचा' म्हणतात. पुढे दर दोन वर्षांनी एक वाढते, जास्तीत जास्त २५. मला सहा वर्षं झाली, म्हणून सतरा. तेवढ्यात घर, आजारपण, भटकंती, सगळं बसवायचं. त्यामुळे दोन सुट्ट्यांच्या मधे अडकलेला कामाचा दिवस म्हणजे सोनं. ओढा ओलांडायला पाण्यात दगड टाकलेले असतात ना, अशा सुट्ट्यांना कोरियन लोक तेच नाव देतात, 'जिंगॉम्दारी'. मधल्या पाण्यात आपली रजा टाकायची आणि पलीकडे.

सरकारही या खेळात अधूनमधून पत्ता टाकतं. २०२४ मधे १ ऑक्टोबरची जादा सुट्टी सप्टेंबरच्या सुरुवातीला ठरली. २०२५ मधे २७ जानेवारीची तर दोन आठवडेसुद्धा आधी नाही. ज्यांनी त्या दिवशी आधीच रजा टाकली होती ते खूश, ज्यांनी तिकिटं काढली नव्हती ते हळहळले. बाकी नियमही तिरपागडे. राष्ट्रीय सण शनिवारी आला तरी सोमवारी भरपाई मिळते, पण चुसॉकचा दिवस शनिवारी आला तर नाही, रविवारी आला तरच! मी यावर एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. वर्ष द्या, कमीत कमी रजेत जास्तीत जास्त दिवस काढून देते. टीममधे तिचं भलतंच कौतुक झालं होतं.

त्याच स्क्रिप्टने २०२४ च्या ऑक्टोबरात मला तीन रजांत नऊ दिवस काढून दिले. १ मंगळवार सुट्टी, ३ गुरुवार सुट्टी, मधले ३०, २ आणि ४ आपले. व्हिएतनामला जाऊन आलो. मे महिन्यातही असंच काहीतरी केलं होतं. मोठा हुशार समजत होतो स्वतःला.

नोव्हेंबरात बाबा अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड. ताईचा फोन आला तेव्हा माझ्या खात्यात रजा उरली होती दीड. बिनपगारी मागता आली असती, पण रिलीज तोंडावर होतं आणि माझी जीभ उचलली नाही. इकडे 'नुन्ची' म्हणून एक प्रकार आहे, समोरच्याच्या मनातलं न विचारता ओळखायचं. मी कुणालाही न विचारता ओळखून मोकळा झालो की मला रजा मिळणार नाही. खरं तर कुणी नाही म्हटलंच नव्हतं.

शुक्रवारची एक आणि सोमवारची अर्धी टाकून निघालो. दिल्लीमार्गे पुणं, तिथून सातारा. ऑपरेशन आदल्या दिवशी होऊन गेलं होतं. सगळी धावपळ ताईने केली. शनिवारी बाबांच्या उशाशी बसलो. त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेस?" म्हटलं, "उद्या सकाळी निघतो." ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने ताईला म्हणाले, "याला चहा दे गं."

तेव्हापासून स्क्रिप्टमधे एक ओळ वाढलीय. पाच रजा वजा करूनच ती मोजायला घेते. त्या पाचांना हात लावत नाही, डिसेंबर संपेपर्यंत. गेल्या वर्षी त्या सुदैवाने वापराव्या लागल्या नाहीत. टीममधला एक पोरगा म्हणाला, "वाया गेल्या की!" असो.

२०२५ चा ऑक्टोबर तर लॉटरीच होती. ३ पासून ९ पर्यंत सलग सुट्टी, १० ची एक रजा टाकली की दहा दिवस. सगळ्यांनाच तो शुक्रवार हवा होता. मी सरळ घरी गेलो. आईचं म्हणणं, "दसरा झाल्यावर आलास आणि दिवाळीआधी चाललास." खरंच होतं. पण ६ तारखेला चुसॉक होता आणि आमच्याकडे कोजागिरी! चंद्र एकच. बाबा काठी टेकत गच्चीवर आले, एकेक पायरी. मसाला दूध झालं. तिकडून मित्राने सोंगप्यॉनचा फोटो पाठवला होता. तांदळाच्या पिठाची पारी, आत गोड सारण, पाइनच्या पानांवर वाफवलेलं. आई बघून म्हणाली, "मोदकच की हे, कळ्या पाडायच्या राहिल्यात."

चुसॉक एरवी बऱ्याचदा अनंत चतुर्दशीच्या आसपास येतो. २०२४ मधे तर एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला. २०२५ मधे त्यांचा अधिक महिना आला आणि आपला नाही, म्हणून सण महिनाभर पुढे गेला. २०२६ मधे आपला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गाडी परत रुळावर. चुसॉक २५ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीही २५ सप्टेंबर. २१, २२, २३ च्या तीन रजा टाकल्या की शनिवार १९ ते रविवार २७. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. इथे आल्यापासून विसर्जन मी फोनवरच बघितलंय.

त्याच तीन रजा आमच्या एका सीनियरलाही हव्या होत्या. दक्षिणेत त्यांचं गाव आहे, चुसॉकआधी आजोबांच्या थडग्यावरचं गवत काढायला जायचं असतं. या वेळी नुन्ची बाजूला ठेवली आणि तोंडाने विचारलं. त्यांनी दोन मिनिटं कॅलेंडर बघितलं. म्हणाले, फेब्रुवारीत सोल्लालला सर्व्हरवर लक्ष तू ठेव, गवत मी आधीच्या शनिवार-रविवारी काढून येतो.

अर्ज मंजूर झाल्यावर घरी फोन केला. आई म्हणाली, "नक्की ना? बाबा विचारतायत, परत कधी जाणार ते आधी सांग."

"सत्तावीसला."

मागून बाबांचा आवाज आला, "म्हणजे विसर्जनाला आहे."