पंचावन्नच्या पुढचे डोळे

मंडळी, आज विषय जरा रुक्ष आहे. सरकारी अनुदान! तरी वाचा, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात तो कधी ना कधी येणार आहे.

माझी मावशी गेली चाळीस वर्षं अमेरिकेत आहे. मॅक्युलर डीजनरेशनने तिची मधली नजर गेली, कडेचं तेवढं दिसतं. म्हणजे दारात कुणीतरी उभं आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. इंजेक्शनांचे पैसे मेडिकेअरने भरले. पण असे डोळे घेऊन जगायचं कसं, हे कोण शिकवणार? मेडिकेअर साधी पांढरी काठीसुद्धा देत नाही!

हे शिकवायला एका छोट्या संस्थेतून एक बाई यायच्या. त्यांनी मायक्रोवेव्हच्या बटणांवर हाताला लागतील असे ठिपके चिकटवले. कप भरत आला की आवाज करणारं छोटं यंत्र दिलं. पाचच्या, दहाच्या, वीसच्या नोटांच्या वेगवेगळ्या घड्या घालायला शिकवल्या. फोडणी मात्र मावशीनेच त्यांना शिकवली. "अगं, मोहरी मी आधीपण कानानेच ओळखत होते," असं तिने मला फोनवर ऐटीत सांगितलं.

सहा भेटी झाल्या, सातवी लांबली. संस्थेकडे त्या वर्षाचे पैसे संपले होते. सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, तोवर थांबा म्हणाले. नेमकं काठी घेऊन चालणं शिकायचं राहिलं होतं. मावशी अडीच महिने एकटी घराबाहेर पडली नाही.

मग मी वाचत बसले. वयस्कर अंधांसाठीची ही योजना तिथल्या पुनर्वसन कायद्यात १९७८ साली आली. पहिले पैसे मिळाले १९८६ साली. म्हणजे आठ वर्षं नुसता कायदा! वयाची अट ५५ आणि पुढे. पैसे केंद्राकडून राज्यांना जातात, दर ९ डॉलर्समागे राज्याने आपला १ घालायचा. पुढे बरीच राज्यं हे काम स्थानिक संस्थांकडे सोपवतात. २०१४ नंतर अनेक वर्षं सगळ्या देशासाठी हा आकडा ३ कोटी ३३ लाख डॉलर्सच्या आसपासच थांबला होता. महागाई काही थांबली नाही. लहान राज्याच्या वाट्याला किमान सव्वादोन लाख डॉलर्स येतात. त्यात किती शिक्षक ठेवणार आणि ते किती गावं फिरणार, तुम्हीच हिशोब करा.

याच कायद्याखाली अपंगांना नोकरीला लावायच्या कामासाठी मात्र ३ अब्जांहून जास्त डॉलर्स असतात. नोकरी मोजता येते ना! पगार दिसतो, कर दिसतो. एका आजींनी स्वतःचा चहा स्वतः केला, याची पावती कुठे फाडणार? त्यातल्या त्यात बरं वाटलं ते एका गोष्टीचं. राज्यांच्या वार्षिक अहवालात, शिकल्यावर किती जणांना आयुष्य जास्त आपल्या ताब्यात आल्यासारखं वाटलं, हेही विचारलं जातं. कुणीतरी शहाण्या माणसाने घातलेला प्रश्न असणार.

आपल्याकडे तर २०१५ साली आलेल्या दिव्यांगांच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय योजनेत वय १५ ते ५९ धरलंय. साठीला नजर गेली तर? मुलं आहेत, सुना आहेत, त्या हाताला धरून नेतील, हे आपण गृहीतच धरतो. नेतातही. पण हाताला धरून नेलं जाणं आणि स्वतः जाणं यात फरक आहे. तो फरक शिकवणाऱ्या माणसाला पगार लागतो, गाडीला पेट्रोल लागतं. नुसत्या सेवाभावावर सातवी भेट होत नाही.

ऑक्टोबरात त्या बाई पुन्हा आल्या. आता मावशी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत एकटी जाते. टाकायला पत्र नसलं तरी जाते.

असो. अमेरिकेतल्या नातेवाईकांनो, घरात कुणाची नजर जात असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरवर थांबू नका. आपल्या राज्याच्या अंधांसाठीच्या खात्याला फोन करा आणि वयस्करांच्या योजनेबद्दल विचारा. शक्यतो वर्षाच्या सुरुवातीलाच, म्हणजे ऑक्टोबरात!