गर्भिणीचा व्यायाम

गर्भिणीनें विसांवा घ्यावा कीं अंग चालतें ठेवावें, हा आमच्या एकत्र कुटुंबांतील जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, दोन जिवांच्या बाईनें जिना चढूं नये; दुसरा म्हणतो, पूर्वीच्या बायका दिवस भरेपर्यंत जात्यावर बसत. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या सूनबाईंस दिवस गेले, तेव्हां शास्त्र काय म्हणतें, तें आम्हीं शोधून पाहिलें.

चिंता विशेषतः प्रीएक्लॅम्प्सियाची होती. या विकारांत विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, आणि लघवींतून प्रथिनें जाऊं लागतात किंवा मूत्रपिंड, यकृत यांच्या कार्यांत बिघाड होतो. वेळींच उपाय न झाल्यास आंकडी येऊन मायलेकरांच्या जिवावर बेततें.

अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत व्यायाम करणाऱ्या गर्भिणींत हा विकार होण्याचा संभव सुमारें ४० टक्क्यांनीं कमी आढळला. उलट, डेन्मार्कमधील सुमारें ८५ हजार गर्भिणींच्या २००९ सालच्या पाहणींत, आठवड्यास साडेचार तासांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत त्याचा उग्र प्रकार अधिक दिसला. केवळ पाहणीनें कारण सिद्ध होत नाहीं. तथापि अतिरेक टाळणें बरें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास, बोलतां येईल इतक्या वेगानें चालणें.

सूनबाई डॉक्टरीणबाईंच्या संमतीनें तसें चालत असत. तरीहि आठव्या महिन्यांत तपासणीच्या वेळीं रक्तदाब १५०/१०० भरला, व लघवींत प्रथिनें सांपडलीं. “फिरण्यानेंच झालें,” अशी घरांत कुजबुज झाली आणि ती पोर रडूं लागली. डॉक्टरीणबाईंनीं वडील मंडळींस स्पष्ट सांगितलें, “चालण्याचा हा दोष नव्हे. या विकाराचें मूळ बहुधा वारेच्या रक्तपुरवठ्यांत असतें. व्यायामानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.” निदान झाल्यावर फिरणें थांबविलें, औषध सुरू झालें, आणि ३७ व्या आठवड्यांत कळा आणवून बाळंतपण केलें. दोघेंहि सुखरूप आहेत.

व्यायाम हा गर्भिणीचा मित्र खरा, परंतु तो पहारेकरी नव्हे. पहारा ठेवावयाचा तो रक्तदाब मोजूनच. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, बरगड्यांखालीं दुखणें, चेहऱ्यावर वा हातांवर एकाएकीं सूज, यांपैकीं कांहींहि दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. सुनेस फिरावयास सवड देणें आणि दुखणें आल्यास तिला बोल न लावणें, हीं दोन्ही आम्हां वडीलधाऱ्यांचीं कर्तव्यें आहेत.